कर्ज नाही, उचल आहे

माझ्या अर्जाचं पहिलं वाक्य होतं: जगात सुमारे 70 कोटी लोक दिवसाला 2.15 डॉलरपेक्षा कमी पैशांत जगतात. मार्गदर्शक बाईंनी त्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'यातल्या किती जणांना भेटणार आहेस?' पुढची चार पानं त्यांनी वाचली की नाही कोण जाणे. त्यांवर एकही खूण नव्हती.

मी बार्शीची. 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते, शिष्यवृत्तीवर. तिकडे मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सुट्टी, आणि त्या सुट्टीत काय केलंस हे पुढे प्रत्येक जण विचारतो. गरिबी आणि विकास या विषयावर पदवीच्याच मुलांनी हात मळवून घ्यावेत म्हणून बऱ्याच विद्यापीठांत उन्हाळी फेलोशिप असतात. बर्कलीचं ब्लम सेंटर, नॉट्र डेमची केलॉग इन्स्टिट्यूट, स्टॅनफर्डचं किंग सेंटर ही गाजलेली नावं. आमची त्यामानाने साधी. साधारण दोन तऱ्हा असतात. एक, प्राध्यापकांच्या चालू प्रकल्पात मदतनीस म्हणून जायचं. दुसरी, स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतः फिरायचं. पहिल्यांदाच जाणाऱ्याने पहिली घ्यावी, असं मी आता सांगते. मी दुसरी घेतली होती.

पैशाचं आधीच सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. शिष्यवृत्तीवरच्या मुलांच्या हिशेबात 'उन्हाळ्याची कमाई' असा एक रकाना असतो. सुट्टीत काम करून तेवढी रक्कम मुलाने आणायची, हे धरलेलंच असतं. फेलोशिपमधून विमान, राहणं, खाणं भागलं तरी हा रकाना कोण भरणार? मी ऑफिसात ईमेल केली, तर कळलं की त्यासाठी वेगळा अर्ज आहे, आणि तो केला तर ती रक्कम माफ होते. माहितीपत्रकात त्याची एक ओळ नव्हती. गरिबीचा अभ्यास करायला बहुतेक खात्यापित्या घरची मुलंच का जातात, याचं निम्मं उत्तर मला त्या रकान्यात मिळालं.

तर, किती जणांना भेटणार? मी ग्रंथालयात जाऊन बसले. हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने 1975 पासून काही गावांत घरटी अभ्यास चालवला, त्याबद्दल वर्गात ओझरतं आलं होतं. गावात राहणारे तपासनीस, ठरावीक आठवड्यांनी त्याच घरांत पुन्हा जाणं, आणि हे वर्षानुवर्षं. त्या आकड्यांवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी निबंध लिहिले. गावांची यादी वाचताना एका नावाशी थांबले: शिरापूर, जिल्हा सोलापूर. मोहोळ तालुक्यातलं! बार्शीहून वैराग, वैरागहून मोहोळ. माझ्या आत्याच्या सासरचा रस्ता. दुष्काळ पडला की गावातली घरं एकमेकांना कशी सांभाळून घेतात, हे तपासणाऱ्या, जगभर वाचल्या जाणाऱ्या निबंधाला माहिती पुरवलेलं गाव आमच्या शेजारच्या तालुक्यात, आणि मला त्याचा पत्ता सातासमुद्रापार लागला.

मग विषय शोधावा लागला नाही. बार्शीत दिवाळीच्या मागेपुढे रात्री ट्रॅक्टर जायचे. वर भांडी, पत्रे, शेळ्या, गोधड्या, आणि त्यांत रुतून बसलेली लेकरं. बीडची ऊसतोड माणसं, कारखान्यांकडे निघालेली. आई म्हणायची, 'खिडकी लाव, धूळ येतेय.' एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. अर्ज नव्याने लिहिला: ऊसतोड कुटुंबं मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याकडून, हंगामाआधी जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात, तिचा हिशेब घरात कोण ठेवतं आणि कसा. 70 कोटींचं वाक्य काढलं. बाईंनी या खेपेला प्रत्येक पानावर पेन्सिल चालवली.

मुलाखतीला तीन जण होते. एकाने विचारलं, गरीब कुणाला म्हणणार? मी दांडेकर आणि रथ यांचं नाव घेतलं. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या दोघांनी 1971 साली माणशी रोज 2250 उष्मांक परवडायला किती खर्च लागतो, यावरून हिशेब मांडला होता. 'मग तू उष्मांक मोजणार?' 'नाही.' 'मग?' मी म्हटलं, ज्यांच्या घरी उचल आहे त्यांच्याकडे जाणार, गरीब कोण ते आधी ठरवणार नाही. उत्तर सुचलं नाही म्हणून तसं बोलले होते. मार्चच्या शेवटी निवड झाल्याचं कळलं.

खरी परीक्षा त्यानंतर, नीतिमत्ता समितीची. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते. त्याआधी एक ऑनलाइन प्रशिक्षण. त्यात टस्कीगीचा अभ्यास येतो. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं अलाबामातल्या कृष्णवर्णीय माणसांचा उपदंश सरकारी डॉक्टर बरा न करता नुसता न्याहाळत बसले, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. त्या प्रकरणानंतरच अमेरिकेत हे नियम आले. वाचून माझा थरकाप झाला आणि मग दोन आठवडे मी त्याच नियमांना शिव्या घालत होते.

कारण संमतीपत्र. इंग्रजी नमुना तयार मिळतो. त्याचा मराठी अनुवाद करायचा, मग इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने तो मराठीवरून परत इंग्रजीत आणायचा, म्हणजे अर्थ कुठे घसरला ते दिसतं. हे काम नागपूरच्या एका मैत्रिणीने केलं. मी लिहिलं होतं, 'या संशोधनात सहभागी होण्यात तुम्हाला किमान धोका आहे.' तिच्या इंग्रजीत ते परत आलं ते असं: यात तुमची कमीत कमी फसवणूक होईल. फोनवर हसून हसून बोलता येईना. पण तिचं बरोबर होतं. 'धोका दिला' आपण कशाला म्हणतो? शेवटी धोका गाळला आणि लिहिलं, 'काही प्रश्नांनी तुम्हाला वाईट वाटू शकतं. नको वाटलं तर सांगा, तो प्रश्न सोडू. मध्येच उठून गेलात तरी चालेल.' समितीला वाटलं, हे फारच घरगुती झालं. मी अडून बसले.

दुसरा मुद्दा सहीचा. उचल देताना मुकादम पुष्कळदा स्टॅम्प पेपरवर सही नाहीतर अंगठा घेतो. त्याच माणसांसमोर मी कागद धरून 'इथे अंगठा करा' म्हटलं तर? तोंडी संमती चालावी असा वेगळा अर्ज केला, कारण लिहिलं, आणि तो मंजूर झाला. प्रत्यक्षात मी कागदांची फाइल पिशवीतून बाहेर काढली की समोरच्याचे हात मांडीखाली जायचे. समितीच्या त्या एका सवलतीने माझा उन्हाळा वाचवला.

तिसरा, मोबदल्याचा. वेळ दिल्याबद्दल माणसाला काहीतरी द्यायचं, पण इतकं नाही की त्यासाठीच तो हो म्हणेल. मी उदयपूरच्या लसीकरणाच्या प्रयोगाने भारावलेली होते. तिथे लसीमागे किलोभर डाळ दिली, लसी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच. नुसत्या नियमित शिबिरांनी 18 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, डाळ दिल्यावर 39 टक्के. जिथे यातलं काहीच नव्हतं तिथे 6. मी अर्जात लिहून टाकलं: प्रत्येक घराला एक किलो साखर.

विमानात बसण्याआधी आय-ट्वेंटीवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कागदावर, प्रवासाची सही घ्यायला विसरले होते. निघायच्या आदल्या दिवशी धावतपळत घेतली. ती नसती तर ऑगस्टमध्ये परत शिरताना पंचाईत होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केजला खोली घेतली. गाव बालाघाटाच्या डोंगरात, तिथून एसटीने आणि पुढे वडापने. गावाचं नाव लिहीत नाही, तसा शब्द दिलाय. पहिल्या दिवशी आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, भेटले. त्या जन्मापासून त्याच गावातल्या, कुणाच्या घरात कोण कधी जन्मलं हे तोंडपाठ. साखरेचं सांगितलं तशा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

'साखर? ह्यांला?'

मग पदर तोंडाला लावून हसल्या. मला कळायला तेवढा वेळ लागला. संध्याकाळी समितीला दुरुस्ती पाठवली: साखरेऐवजी अंगाचा आणि कपड्यांचा साबण, शाळकरी मुलं असतील तर वह्या. शाळा उघडायच्याच होत्या.

लोकसभेचा निकाल 4 जूनला लागून गेला होता आणि बीड जिल्ह्यात जातीवरून वातावरण तापलेलं होतं. प्रत्येक उंबऱ्यावर पहिला प्रश्न मलाच: 'आडनाव काय?' प्रश्नावलीत याची सोय नव्हती. मी खरं सांगायचे. काही घरांत त्यावर पाणी आलं, काही घरांत नाही. दुसरा प्रश्न बायकांचा, हळूच: 'पिशवीचं इचारायला आलाव का?' 2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेपरांत आला, सरकारने समिती नेमली, आणि तेव्हापासून पत्रकार, संस्था, विद्यार्थी येत राहिले. एक बाई म्हणाल्या, 'माझी पिशवी किती जणांनी लिहून नेली, एकानं परत येऊन सांगितलं न्हाई काय लिहिलं ते.' माझ्या प्रश्नावलीत ते नव्हतंच. मी सांगितलं, नाही मावशी, मी उचलीचं विचारणार आहे. तेव्हा त्या खाटेवर सरकून बसल्या.

टॅबलेटवर कोबो टूलबॉक्स नावाच्या ॲपमध्ये प्रश्न भरून नेले होते. रेंज नसली तरी चालतं, फुकट आहे, सगळं छान. पण टॅबलेट काढला की मी सरकारची होत होते आणि घरकुलाची यादी निघाल्याची बातमी गल्लीभर. पहिल्या आठवड्यानंतर वहीत लिहू लागले आणि रात्री खोलीवर टॅबलेटमध्ये उतरवू लागले. वेळही चुकीची धरली होती. पाऊस झाल्यावर पेरणीला माणूस घरात थांबतो का? सकाळी सातच्या आत किंवा दिवे लागल्यावर. दुपारभर मी देवळाच्या ओट्यावर माश्या मारत बसायचे. चार आठवडे पुरतील असं अर्जात लिहिलेलं काम सात आठवडे चाललं.

आता उचलीकडे येते. चाचणीच्या पहिल्या सहा घरांत प्रश्न असा होता: 'सध्या तुमच्या घरावर कर्ज आहे का?' सहापैकी पाच जणांनी नाही म्हटलं. मी खूश नव्हते, पण घाबरलेही नव्हते. वहीत पाच शून्यं मांडली. सातव्या घरात त्या पिशवीच्या मावशी. त्याही म्हणाल्या, 'कर्ज न्हाई बाई आमच्यावर. बँक आमाला दारात उभी करती व्हय?'

'आणि उचल?'

'उचल हाय की. लाखाची घेतली औंदा. पोरीच्या लग्नाचं राहिलं होतं, ते दिलं. आन मागची बाकी हाय.'

'मग ते कर्ज नाही?'

'कर्ज पैशानं फिटतंय. उचल अंगानं फेडायची.'

मागे जाऊन मी सहाही घरांत पुन्हा विचारलं. सगळीकडे उचल होती. चार घरांत मागच्या हंगामाची बाकी. अर्थशास्त्राच्या प्रश्नावलीत ही घरं कर्जमुक्त ठरली असती. प्रश्न बदलायला हवा होता, आणि मंजूर प्रश्न बदलायचा तर पुन्हा समिती. दुरुस्ती पाठवून नऊ दिवस वाट पाहिली. ते नऊ दिवस मी मावशींच्या शेतात सोयाबीनच्या तासांत तण काढत होते. त्यांच्या मते तोच माझा पहिला उपयोग.

तिथेच त्यांनी मला हिशेब शिकवला. कोयता म्हणजे एक जोडपं. 'लाख उचल. टनाला साडेतीनशेच्या वर भाव हाय आता. किती टन झालं?' त्या वर्षी जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला होता. मी फोनवर भागाकार केला: पावणेतीनशेच्या आसपास. त्यांनी फोन न बघताच 'पावणेतीनशे' म्हटलं होतं. 'दोघं मिळून दिसाला दोन टन तोडलं, तर?' साडेचार महिने. 'आन खाडा झाला तर?' आजारपणाने, पाळीने, लेकरू तापल्याने दिवस बुडाला की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उलट कापतात. हंगाम पाच महिन्यांचा, कधी त्याहून कमी. म्हणजे दिवाळीला निघालेलं जोडपं गुढीपाडव्याला परत येतं तेव्हा हातात काय असतं, ते तण उपटता उपटता कळलं. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिठा-मिरचीचा खर्च भागवायचा.

त्या रात्री मी प्रश्नावलीतला आणखी एक प्रश्न काढून बघितला: 'गेल्या 30 दिवसांत घरात किती उत्पन्न आलं?' जुलैत विचारलं तर उचल हातात आलेली, घर चांगलं पैसेवालं दिसणार. जानेवारीत, फडात दिवसाला दोन टन तोडत असताना विचारलं तर शून्य, कारण प्रत्येक टन आधीच विकलेला. तेच घर एकदा दारिद्र्यरेषेच्या वर, एकदा खाली, फक्त मी कधी गेले त्यावर.

वर्गात आम्ही सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 55 व्या फेरीचा वाद शिकलो होतो. 1999-2000 च्या त्या फेरीत खाण्याच्या खर्चासाठी 7 दिवस आणि 30 दिवस असे दोन्ही मुदतींचे प्रश्न एकाच घराला विचारले गेले. आधीच्या फेरीतली 36 टक्के गरिबी 26 वर आलेली दिसली, आणि खरंच गरिबी एवढी घटली की प्रश्नाची मुदत बदलल्याने आकडा हलला, यावर भली भली मंडळी वर्षानुवर्षं भांडली. परीक्षेत मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. मुदत म्हणजे काय ते मात्र खुरप्याने कळलं.

शेवटी तीस दिवस काढून टाकले आणि 'दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत' असं वर्ष धरलं. माणसं त्याच वर्षात मोजतात. उत्तरं लगेच जुळायला लागली: उचल किती, कुठल्या सणाला मिळाली, किती टन फिटली, किती बाकी. आणि अर्जातला मूळ प्रश्न, हिशेब कोण ठेवतं? बहुतेक घरांत उचल घ्यायला पुरुष गेलेला, अंगठा त्याचा; टनांचा हिशेब बाईच्या डोक्यात. दोन घरांत भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. एका घरात सातवीतली मुलगी वहीत लिहायची, आणि मुकादमाच्या वहीशी तो कधीच जुळत नसे. ती वही मला दाखवायची का, यावर नवरा-बायकोत माझ्यासमोर भांडण झालं. मी साबण ठेवून बाहेर आले. ते घर माझ्या आकड्यांत नाही.

एक कबुली द्यायची राहिली. आशाताई सोबत असल्या की बायका वेगळं बोलायच्या, हे मला तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. पण त्यांच्याशिवाय मला कुणी दारात उभं केलं नसतं. मग त्या मला घरापर्यंत सोडायच्या आणि 'औषधाचं बघून येते' म्हणून निघून जायच्या. हे आमच्यात न बोलता ठरलं. त्यांच्या नावाने कुठलाही निबंध निघणार नाही.

ऑगस्टमध्ये परतल्यावर 34 घरांची माहिती स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. 'उचल' हा शब्द रोमन अक्षरांत मी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिला होता, ते निस्तरण्यात एक शनिवार गेला. ऑक्टोबरमध्ये पोस्टर लावायचं होतं. येणारा प्रत्येक जण आधी खालच्या कोपऱ्यात घरं किती ते वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा. एका प्राध्यापकांनी विचारलं, याचा वापर कुठल्याही मोठ्या पाहणीत कसा करणार? मी म्हटलं, एक शब्द वाढवून. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे 2025 च्या जूनमध्ये जागतिक बँकेने गरिबीची 2.15 डॉलरची रेघ 3 डॉलरवर नेली, तेव्हा मला मार्गदर्शक बाईंची पेन्सिल आठवली.

फेलोशिपच्या अटींत नव्हतं, पण मी गावाला सांगून आले होते की काय लिहिलं ते परत येऊन सांगेन. डिसेंबरच्या सुट्टीत बार्शीला आले तेव्हा दोन पानी मराठी कागद छापून नेला. वडाप गावात शिरलं तर अर्ध्या दारांना कुलपं. मला माहीत होतं, मीच तर पोस्टरवर तक्ता काढला होता महिन्यांचा. तरी दाराशी जाऊन उभी राहिले. मावशींच्या घरी सासूबाई आणि दोन नातवंडं. म्हातारीने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, परत दिला. 'वाच.' मी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. पोरं साबणाच्या जुन्या खोक्याची गाडी ओढत होती.

संपल्यावर म्हणाल्या, 'ह्यात आमच्या सुनंची बाकी किती लिहिली?'

मी सांगितलं, आजी, नावं काढून टाकलीत सगळ्यांची. कुठलं घर कुणाचं ते आता मलाही कळत नाही. ती यादी नियमाप्रमाणे पुसून टाकली.

'मंग मुकादमाच्या वहीत हाय तेवढीच ऱ्हायली म्हन की,' म्हणाल्या, आणि चहाला आत उठल्या.